गोठ्यावरील सौर वीज : आधीं हिशेब, मग प्लेटा

आपल्या जिल्ह्यांत, घाटावर काय आणि घाटाखालीं काय, गेल्या दोन-तीन वर्षांत घरांच्या गच्च्यांवर निळ्या-काळ्या कांचेच्या सौर प्लेटा दिसूं लागल्या आहेत. शेजाऱ्याच्या घरावर त्या चढल्या कीं आपल्याही मनांत विचार येतो, हें साहजिक आहे. सभासद बंधूंना आज पडणारा प्रश्न असा आहे : "गोठ्याच्या, कोठाराच्या किंवा मळ्यांतील घराच्या छपरावर प्लेटा बसवाव्या काय, आणि त्यांत घातलेला पैसा परत येईल काय?" ह्या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देणारे पुष्कळ आहेत. प्लेटा विकणारा 'होय' म्हणतो. ज्याचा कोणी आप्त फसला, तो 'नाहीं' म्हणतो. आमच्या मतें दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. ज्या छपराखालीं पैसे मोजून घेतलेली वीज पुरेशी खर्च होते, आणि ज्या छपराला आलेली तार दिवसभर चालू असते, त्याच छपरावर प्लेटा फायद्याच्या ठरतात. इतर ठिकाणीं तीच प्लेट, त्याच सूर्याखालीं, कर्जाचें ओझें होऊन बसते. हें आमचें म्हणणें आंकड्यांनिशीं मांडण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम सूर्याविषयीं. पावसाचें भाकीत ऐकण्यास आपण अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे भेंडवळास जमतों, कारण पाऊस लहरी आहे. सूर्य तसा नाहीं. त्याचा हिशेब बराचसा आधीं मांडतां येतो. बुलढाणें सुमारें २०.५ उत्तर अक्षांशावर आहे. येथें एक किलोवॅट क्षमतेच्या प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून व सुमारें २० अंशांचा उतार देऊन बसविल्या, तर सरासरीनें दिवसास चार युनिटांच्या आसपास, म्हणजे वर्षाकांठीं १,३०० ते १,४०० युनिटें वीज धरण्यास हरकत नाहीं. आषाढ-श्रावणांतील झडीच्या दिवसांत ही मिळकत फार खालीं येते. माघापासून चैत्रापर्यंत ती चांगली असते. पुष्कळांचा असा समज आहे कीं, ऊन जितकें कडक तितकी वीज जास्त. तो समज चुकीचा आहे. प्लेट प्रकाशावर चालते, उष्णतेवर नव्हे. तिच्यावर लिहिलेली क्षमता प्लेट २५ अंश उष्णमानावर असतांना मोजलेली असते. वैशाखांतील दुपारीं तीच प्लेट ६० अंशांपर्यंत तापते, आणि तेव्हां तिची शक्ति सुमारें एक अष्टमांशानें घटते. म्हणून कोणी एका स्वच्छ दिवसाचा आंकडा दाखवून त्यास ३६५ नीं गुणूं लागला, तर तो हिशेब मान्य करूं नये.

सूर्याचें माप समजलें, कीं मग आपल्याकडे वळावें. आमच्या मतें प्रत्येक बंधूनें स्वतःस तीन प्रश्न विचारले पाहिजेत : वीज किती खर्च होते, तार कोणती आहे, आणि छप्पर कसें आहे.

पहिला प्रश्न खर्चाचा. मागील बारा महिन्यांचीं वीजबिलें काढून एका कागदावर युनिटें मांडावीं. हें अर्ध्या तासाचें काम आहे. पण तें केल्यावांचून कोणत्याही विक्रेत्यास दारांत उभें करूं नये. दोन उदाहरणें घेऊं. त्यांतील किंमती व दर केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं धरलेले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपले आंकडे घालावे.

समजा, एका बंधूचें घर गांवठाणांत आहे. घर आणि घरालगतच्या गोठ्यांतील दिवे, पंखे व पाण्याची मोटर एकाच घरगुती मीटरवर आहेत, आणि दरमहा २३० युनिटें जळतात. महावितरणाचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ ते ३०० युनिटांस त्याहून बराच चढा दर, आणि पुढें आणखी चढा. सौर वीज घरांत आली कीं वरच्या पायरीचीं महाग युनिटें प्रथम गळतात, हा तिचा मोठा गुण होय. ह्या घरास दोन किलोवॅट पुरेत. त्यांतून वर्षास सुमारें २,६०० युनिटें मिळतील. किलोवॅटास ६०,००० रुपये धरले, तर एकूण खर्च १,२०,००० रुपये. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू केलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत घरगुती ग्राहकास पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या उदाहरणांत ६०,००० रुपये अनुदान वजा जातां घरचे ६०,००० उरतात. वांचणाऱ्या युनिटास सरासरी ८ रुपये धरल्यास वर्षाची बचत २०,८०० रुपये होते. धुणें, किरकोळ दुरुस्ती आणि पुढें इन्व्हर्टर बदलण्याची तरतूद मिळून वर्षास २,५०० रुपये बाजूस ठेवले, तरी १८,३०० रुपये राहतात. घातलेली रक्कम साडेतीन वर्षांच्या आंत परत येते. प्लेटांच्या कामगिरीची हमी सामान्यतः २५ वर्षांची असते. असा सौदा कोणी सोडूं नये.

आतां दुसरें उदाहरण पाहा. दुसऱ्या बंधूचें मळ्यांत टिनाचें कोठार आहे. तेथें दोन दिवे, हंगामांत धान्य वाळविण्याचा पंखा व अधूनमधून चालणारें कडबाकुट्टीचें यंत्र आहे. सरासरी महिन्यास ४० युनिटें, वर्षास ४८० युनिटें जळतात. तो राहण्याच्या घराचा भाग नसल्यामुळें सूर्यघर योजनेचें अनुदान त्यास लागू नाहीं. त्यानें शेजाऱ्याचें पाहून तेवढ्याच दोन किलोवॅटच्या प्लेटा १,२०,००० रुपयांस बसविल्या. वर्षास ४८० युनिटें, ८ रुपयांनीं ३,८४० रुपये वांचतात. रक्कम परत येण्यास ३१ वर्षें लागतील. म्हणजे प्लेटांचें आयुष्य आधीं संपेल, आणि व्याजाचा तर आम्हीं अद्याप उच्चारही केला नाहीं. दोघांचा सूर्य एक, प्लेटा एक, गांवही एक. फरक इतकाच कीं, एकानें वापरलेल्या विजेचा हिशेब केला आणि दुसऱ्यानें पिकणाऱ्या विजेचा. प्लेट किती वीज पिकविते हें तिचें उत्पन्न नव्हे. त्यांतील किती आपल्या कामीं आली, हेंच उत्पन्न.

ह्यावर कोणी म्हणतील, "उरलेली वीज सरकारी तारेवर विकूं." येथें नेट मीटरची रीत नीट समजून घेतली पाहिजे. दिवसा जास्तीची वीज तारेवर जाते, आणि रात्रीं आपण तारेवरून घेतों तिच्यांतून ती वजा होते. घरगुती ग्राहकास ही मोठी सोय आहे. पण वर्षअखेर जीं युनिटें शिल्लक राहतात, त्यांचा मोबदला आपण विकत घेतों त्या दरापेक्षां फार कमी मिळतो. शिवाय स्थिर आकार बिलांत राहतोच, आणि ह्या विषयाचे नियम वीज नियामक आयोग वेळोवेळीं बदलीत असतो. सबब विक्रीच्या आशेवर जास्त प्लेटा बसविणें हा शहाणपणा नव्हे. गरजेहून थोड्या कमीच बसवाव्या.

दुसरा प्रश्न तारेचा. आणि ह्याच ठिकाणीं अधिक लोक फसतात. बॅटरीवांचून बसविलेली, तारेशीं जोडलेली सौर रचना सरकारी वीज गेली कीं तत्काळ बंद पडते. डोक्यावर लख्ख ऊन असलें तरी बंद पडते. ही त्या यंत्राची खोड नसून मुद्दाम केलेली योजना आहे. कारण तार दुरुस्त करण्यास खांबावर चढलेल्या माणसाच्या हातांत आपल्या छपरावरून वीज जाऊं नये. गांवठाणाच्या तारेवर वीज बहुतेक वेळ असते, तेथें ह्याचें फारसें नडत नाहीं. पण शेतीच्या तारेवर तीन फेजची वीज आळीपाळीनें दिवसा ८ तास किंवा रात्रीं ८ ते १० तास, अशी मिळत आलेली आहे. ज्या आठवड्यांत पाळी रात्रीची, त्या आठवड्यांत अशा तारेस तीन फेजच्या इन्व्हर्टरनें जोडलेल्या प्लेटा दिवसभर स्वस्थ बसणार. म्हणजे वीज नाहीं म्हणून प्लेटा घेतल्या, आणि वीज नाहीं म्हणूनच त्या चालत नाहींत! मळ्यांतील इमारतीस बॅटरीची रचना घ्यावी, तर बॅटरीची किंमत प्लेटांच्या बरोबरीनें येऊन उभी राहते. शिशाच्या साध्या बॅटऱ्या थोड्या वर्षांतच बदलाव्या लागतात; लिथियमच्या अधिक टिकतात, पण त्या महाग आहेत. म्हणून मळ्यांत बॅटरी घ्यावयाची तर ती दिवे, पंखा व मोबाईल ह्यांच्यापुरतीच घ्यावी. कुट्टीयंत्र ऊन असतांना चालवावें.

तिसरा प्रश्न छपराचा. एक किलोवॅटास सुमारें शंभर चौरस फूट मोकळी जागा धरावी. हल्लीं पांचशेंहून अधिक वॅटांच्या मोठ्या प्लेटा येतात. त्यांतील एकेक प्लेट २५ किलोंहून जड असते. परंतु वजनापेक्षां आपल्याकडे भय वाऱ्याचें अधिक आहे. वैशाख-ज्येष्ठांतील वावटळीनें टिनें उडालेलीं कोणी पाहिलीं नाहींत? प्लेट म्हणजे वाऱ्यास मिळालेलें शीड. ती टिनास नव्हे, तर टिनाखालच्या लोखंडी कैचीस आवळली पाहिजे. घाटावरील जुन्या धाब्याच्या घरांवर, जेथें मातीखालीं लाकडी सरे आहेत, तेथें प्लेटांचा विचारच करूं नये. सिमेंटच्या ठिसूळ पत्र्यांचीही गोष्ट तीच. दक्षिणेस निंब किंवा चिंच असेल, तर तिची सावली पाहावी. प्लेटा माळेसारख्या एकमेकींस जोडलेल्या असतात, म्हणून एका प्लेटेवरची थोडी सावलीही साऱ्या माळेची वीज घटविते. चांगलें झाड तोडण्यापेक्षां प्लेटांचा बेत बदलणें बरें.

गोठ्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. ऊन आहे तोंपर्यंत प्लेटांतील वीज पूर्णपणें बंद करतां येत नाहीं. खालचा खटका बंद केला तरी प्लेटांपासून खटक्यापर्यंतची तार जिवंतच असते. तेव्हां कडब्याची गंजी, कुटाराचा ढीग व कापसाचे गठ्ठे ह्या तारांपासून दूर असावे, जोड पक्के असावे, आणि जमिनींत उतरविलेली अर्थिंग व वीज पडण्यापासूनचें रक्षण ह्यांवर काटकसर करूं नये. गारांचें म्हणाल, तर प्रमाणित प्लेट साधारण एक इंच व्यासाच्या गारेच्या माऱ्यास टिकते कीं नाहीं, ही तपासणी झालेली असते. परंतु २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनीं पाहिली, त्यांस एक इंच म्हणजे कांहींच नव्हे हें ठाऊक आहे. म्हणून विमा घ्यावा.

धुण्याचें काम क्षुल्लक समजूं नये. सोयाबीन व तुरीच्या मळणीचा भुसा, रस्त्याची धूळ आणि पांखरांची घाण प्लेटांवर बसते व वीज घटते. संग्रामपूर, जळगांव जामोद, शेगांव व नांदुरा ह्या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यांत तर एक विशेष काळजी घेतली पाहिजे. तेथील विहिरीचें खारें पाणी प्लेटांवर वाळूं दिल्यास कांचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो सहजासहजीं निघत नाहीं. छपराचें पावसाचें पाणी टाकींत धरून तें वापरावें. आणि धुणें सकाळीं, कांच थंड असतांना करावें.

आतां मोटरपंपाविषयीं. पुष्कळ बंधूंच्या मनांत सौर वीज म्हटली कीं प्रथम विहिरीवरची मोटरच येते. पण बिलाच्या दृष्टीनें पाहतां, राज्य सरकारच्या बळीराजा मोफत वीज योजनेनें ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचें वीजबिल एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत माफ ठरविलें आहे. जें बिल भरावेंच लागत नाहीं, तें वांचविण्यासाठीं छपरावर पैसे घालणें निरर्थक होय. सौर पंपाचा खरा लाभ निराळा आहे : दिवसा ओलीत. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गांवांत रात्रीं दारें धरणाऱ्या माणसास अस्वलाचें व बिबट्याचें भय काय असतें, आणि अंधारांत पायाखालीं साप येण्याची धास्ती काय असते, हें रुपयांत मोजतां येत नाहीं. ह्या कामासाठीं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आहे. तींत शेतकऱ्याचा वांटा किंमतीच्या १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बंधूंचा ५ टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५ व त्यापुढें ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. पंपाच्या प्लेटा विहिरीजवळ जमिनीवरच उभ्या राहतात; गोठ्याच्या छपराशीं त्यांचा संबंध नाहीं. मात्र वर्षांतील बरेच महिने पंप बंद असतो. त्या काळांत त्याच प्लेटांवर कुट्टीयंत्र किंवा पिठाची गिरणी चालविणारा युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतो. तो मिळण्यासारखा असेल, तर नव्या प्लेटा घेण्याआधीं त्याची चौकशी करावी. आणि एक इशारा : फुकटचें ऊन मिळालें म्हणून विहीर सूर्यास्तापर्यंत उपसूं नये. आपल्या काळ्या खडकांत पाणी थोडें आहे. प्लेट रोज वीज देईल, झरा रोज पाणी देणार नाहीं.

मोठ्या रचनांच्या चर्चेंत लहान गोष्ट विसरूं नये. रोही व रानडुकरें ह्यांपासून पीक राखण्यासाठीं लहानशा प्लेटेवर चालणारें झटका मशीन आज अनेक बांधांवर आहे. आमच्या मतें सौर विजेचा शेतकऱ्यास झालेला सर्वांत निर्विवाद उपयोग हाच. त्याचा खर्च थोडा आहे, आणि रात्रीची जागल वांचते. ज्यास मोठ्या रचनेचा हिशेब जुळत नाहीं, त्यानें येथून आरंभ करावा.

ह्याच्या उलट ज्यांचा धंदाच दिवसाच्या विजेवर चालतो, त्यांनीं संकोच करूं नये. दुधाचें शीतकरण, कोंबड्यांची शेड, डाळमिल, तेलघाणा, किंवा देऊळगांव राजाकडील शेडनेटमधील बीजोत्पादनाचें ठिबक व धान्यसफाई, अशा कामांस अनुदान नसलें तरी, वीज विकत घ्यावी लागत असेल आणि तार दिवसा चालू असेल, तर हिशेब बहुधा जुळतो. कोठार, सफाई किंवा शीतकरण उभारावयाचें असल्यास २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधींतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जास सात वर्षांपर्यंत व्याजांत ३ टक्के सूट आहे; तिची चौकशी बँकेंत अवश्य करावी.

कर्जाचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलतों. वरील पहिल्या उदाहरणांतील ६०,००० रुपये म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानेंही सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन. आणि दुसऱ्या उदाहरणांतील १,२०,००० म्हणजे साडेबावीस क्विंटल. बाजारांत हमीभाव मिळत नाहीं त्या वर्षीं हा आंकडा आणखी वाढतो. आपल्या वऱ्हाडांत कर्जानें घरें कशीं खचलीं, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. तेवढ्या धान्याची विहिरीची दुरुस्ती, चांगली म्हैस किंवा ठिबकचा संच येतो. ह्यांपैकीं अधिक काय देईल, हें ठरवूनच छपराकडे पाहावें. अनुदान प्लेटा बसून तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या खात्यांत जमा होतें. म्हणून "अनुदान मिळवून देतों, आधीं पैसे द्या" असें म्हणणाऱ्यास दारांतूनच निरोप द्यावा. अनुदानासाठीं प्लेटा भारतांत बनलेल्या असाव्या लागतात, आणि बसविणाऱ्यानें पांच वर्षें निगा राखणें बंधनकारक आहे. प्लेटांची व इन्व्हर्टरची हमी निरनिराळी असते. दोन्ही लेखी घ्याव्या. इन्व्हर्टर प्लेटांइतका टिकत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

शेवटीं संघाच्या कर्तव्याविषयीं. एकट्या शेतकऱ्यास विक्रेता भारी पडतो. पंचवीस शेतकऱ्यांस तो भारी पडत नाहीं. गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील धुंडी गांवच्या मूठभर शेतकऱ्यांनीं २०१६ मध्यें सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापून जास्तीची वीज एकत्रितपणें विकण्याचा करार वीज कंपनीशीं केला. विकण्यास जी वीज एकट्याच्या हातीं क्षुल्लक होती, ती मंडळीच्या हातीं उत्पन्न झाली. आपल्या राज्यांत सातारा जिल्ह्यांतील मान्याचीवाडी २०२४ मध्यें पहिलें सौरग्राम म्हणून जाहीर झालें, तेंही साऱ्या गांवानें एकमतानें उचल केल्यामुळें. आमची सूचना अशी आहे कीं, ज्यांचा हिशेब जुळतो अशा सभासदांनीं गांववार नांवें द्यावीं, संघानें एकत्र दर मागवावे, आणि दर तालुक्यांत दुरुस्तीचें शिक्षण घेतलेला एक तरी तरुण तयार करावा. तसेंच ज्यांनीं प्लेटा बसविल्या आहेत, त्या बंधूंनीं दरमहा पिकलेलीं व वापरलेलीं युनिटें आम्हांस कळवावीं. मृगापासून मृगापर्यंतचा एक वर्षाचा ताळेबंद आम्ही ह्याच मासिकांत छापूं. विक्रेत्याच्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षां आपल्याच जिल्ह्यांतील दहा छपरांचे खरे आंकडे अधिक उपयोगाचे होतील.

बियाणें घेतांना आपण दाणा दांताखालीं धरून पाहतों, आणि बैल घेतांना त्याचे दांत मोजतों. पंचवीस वर्षें छपरावर राहणारी वस्तु घेतांना तेवढीच परीक्षा केली पाहिजे. बारा महिन्यांचीं बिलें, तारेची वेळ आणि छपराची ताकद, हीं तीन पाहून ज्याचा हिशेब जुळेल, त्यानें येत्या पावसाळ्यापूर्वीं प्लेटा बसवाव्या. ज्याचा जुळणार नाहीं, त्यानें शेजाऱ्याच्या छपराकडे पाहून मन खट्टू करूं नये. त्याचा पैसा विहिरींत, गोठ्यांत किंवा शेतांत अधिक पिकेल.